दिवाळीनंतरचं कोची: ठाण्याहून निघण्याआधीची बांधाबांध

हस्ताचा पाऊस सरला की ठाण्यात छत्र्या माळ्यावर जातात. त्यामुळे "भाऊबीज झाली की कोचीला निघतोय" म्हटल्यावर सोसायटीत जो तो म्हणायचा, "वा, मस्त हवा असेल!" हवा मस्त असते, पण सकाळी. दुपारनंतरची हमी नाही. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दुसरा पाऊस, तिकडे त्याला तुलावर्षम म्हणतात. जूनचा पाऊस आपल्यासारखाच समुद्राकडून येतो आणि दिवसच्या दिवस झोडपतो. हा पडतो तो परतीच्या मोसमात, घाट ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे. सकाळी लख्ख ऊन, दुपारी पूर्वेकडून काळे ढग, मग कडकडाट आणि तासभर धो धो. दुपारी दोन ते रात्री दहा या वेळात विजांपासून जपा, उघड्यावर थांबू नका, असं तिथलं आपत्ती व्यवस्थापन खातं दरवर्षी बजावतं.

एवढं एक समजलं की सहलीची आखणी आपोआप होते. उघड्यावरचं सगळं सकाळी, छपराखालचं दुपारी. माझ्या मते शरदात कोचीला जाणाऱ्याने हॉटेलांचे फोटो बघत बसण्याआधी हा एक नियम कागदावर लिहावा.

आम्ही पाच जण: सासू-सासरे, नवरा, लेक आणि मी. विमानाचा विषय निघाला तेव्हा बाबांनी "कोकण रेल्वे असताना विमान कशाला?" एवढंच विचारलं आणि विषय मिटला. नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि थेट कोचीच्या एर्नाकुलम स्टेशनला नेऊन सोडते. आता आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं, त्यामुळे जुन्या सवयीने चार महिने आधी शोधाल तर काहीच दिसणार नाही. सकाळी आठला खिडकी उघडते. दिवाळीच्या सुट्टीतली तिकिटं असतील तर चहा नंतर प्या. रेल्वेच्या साइटवरचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, ऐन वेळी ओटीपीची वाट बघण्यात गाडी भरून जाते.

बरोबर ज्येष्ठ असतील तर आणखी एक. खालच्या बर्थचा कोटा असतो, 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायकांसाठी. पण तो मिळतो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की गेला. म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढलं, आमचं तिघांचं वेगळं. दोघांनाही खालचे बर्थ मिळाले. डबे शेजारशेजारचे आले, त्याचं आईंना काही वाटलं नाही. उलट "जरा शांतता" म्हणाल्या.

तारखेचं म्हणाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपल्यावर निघणं बरं. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात आणि वेळा बदललेल्या असतात. हे वेळापत्रक पूर्वी 31 ऑक्टोबरपर्यंत असायचं, 2025 मध्ये ते 20 ऑक्टोबरला संपलं. त्या आठवड्याच्या आसपास जाणार असाल तर तिकिटावरची वेळ पुन्हा एकदा तपासा.

वार मात्र माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने ठरवून दिला. ती बेने इस्रायल, म्हणजे इथलीच ज्यू, घरी मराठी बोलणारी, टेंभी नाक्याच्या बाजूच्या 1879 च्या शार हाशामाईम सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात जाणारी. कोचीतल्या मट्टनचेरी भागातलं परदेसी सिनेगॉग बघायचं म्हटल्यावर तिने आधी कॅलेंडर काढलं. "शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा वार, बंद. शुक्रवारच्या भरवशावर राहू नकोस. आणि आमचे बरेच सण सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतात, ते बघितलेस का?" बघितले नव्हते कोणीच. त्यात मट्टनचेरीचा डच पॅलेसही शुक्रवारी बंद. मग असं ठरवलं की मट्टनचेरी आठवड्याच्या मधल्या वारांत उरकायचं आणि शुक्रवार-शनिवार बोटी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवायचे.

आता सामान. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. सीएसएमटीला किंवा एलटीटीला (कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला) आधी येऊन निवांत चढवता येतं, तशी चैन इथे नाही. म्हणून घरात एकच कायदा: ज्याची बॅग त्याने उचलायची, आणि एका हाताने उचलता आली पाहिजे. चाकांची मोठी बॅग बाबांनी दारातच नापास केली. बरंच झालं, पुढे फोर्ट कोचीच्या बोटीत चढता-उतरताना हात मोकळा हवाच होता.

छत्री घ्यायला जांभळी नाक्याला गेले. दिवाळीच्या गर्दीत सगळीकडे कंदील, रांगोळीचे रंग, पणत्यांचे ढीग. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, आता छत्री? आता कंदील न्या." शेवटी पोटमाळ्यावरून एक खोकं उतरवलं, त्यावरची धूळ फडक्याने झटकली आणि तीन घडीच्या दोन छत्र्या काढून दिल्या, वर सीझन संपल्याची सूटही दिली. रेनकोट मुद्दाम घेतला नाही. कोचीतल्या त्या दमट उकाड्यात रेनकोट घातला की आतून भिजतो माणूस.

कपडे पातळ सुती आणि सगळे लवकर वाळणारे. जीन्स एकही नाही, भिजली तर त्या हवेत दोन दिवस ओलीच राहते. टॉवेलऐवजी पंचे, एक नायलॉनची दोरी आणि चिमटे. पायात घालायला पटकन निघणाऱ्या सँडल, कारण सिनेगॉगमध्ये आणि देवळांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. बंद बूट आणि ओले मोजे ही जोडी मला कोणाच्याच नशिबी नको वाटते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे वरच ठेवले. केरळातल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढून मुंडू (केरळी पद्धतीचं धोतर) नेसून आत जावं लागतं. बाबा पूजेचं धोतर बरोबर घेणार होते, पण मुंडू एर्नाकुलमला एमजी रोडवर सहज मिळतो, म्हणून त्यांच्या बॅगेत तेवढी जागा रिकामी सोडली. डासांसाठी ओडोमॉस घ्याच. यावर वाद नको.

वाद झाला तो शालीवरून.

"अहो आई, कोचीत शाल कशाला?"

"कोचीत नाही गं, गाडीत. तुमच्या त्या एसीत माझे गुडघे धरतात."

शाल गेली. त्याखाली फराळाचा स्टीलचा डबा गेला, कारण प्लास्टिकच्या डब्यात चकल्यांचा भुगा होतो असं आईंचं ठाम मत आहे. शिवाय तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. हे सगळं "वाटेत लागलं तर". लागलं ते पनवेल सुटायच्या आतच.

गाडीचं फार सांगत नाही. दुपारभर खिडकीबाहेर कापणीला आलेली पिवळी भातं, काही खाचरांत नुसत्या पेंढ्या. रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. बोगद्यांत नेटवर्क जातं, तेव्हा तिकीट आणि हॉटेलचा पत्ता फोनमध्ये उतरवून ठेवलेला बरा. रात्री आई शाल पांघरून गाढ झोपल्या. रेल्वेचं ब्लँकेट त्यांनी पायाशी ढकलून दिलं होतं.

राहायला एर्नाकुलमऐवजी पाण्यापलीकडचं फोर्ट कोची निवडलं. सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात, ढग आले की दहा मिनिटांत खोलीवर. तिथे जायला वॉटर मेट्रो आहे. कोचीत ही सेवा 2023 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीपर्यंत ती 2024 मध्ये पोचली. स्वच्छ, वातानुकूलित, बॅटरीवर चालणारी बोट. आपल्या ठाण्याच्या खाडीत असं काही कधी होणार, हा प्रश्न नवऱ्याने विचारला आणि बाबांनी खाडीच्या वासाची आठवण करून दिली.

सकाळच्या नियमाचं चीज चिनी जाळ्यांपाशी झालं. सूर्यास्ताचे फोटो सगळे काढतात, पण या दिवसांत संध्याकाळी तिथे ढगच असायचे. आम्ही उजाडतानाच गेलो. लाकडाचा लांबलचक दांडा, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. चार-पाच जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली येत जमिनीला टेकतात आणि पाण्यातून जाळं वर येतं. एवढ्या खटाटोपातून मूठभर मासे. लेकीने ते मोजायला घेतले, तर एका कावळ्याने हिशेब बिघडवला. तिथून सेंट फ्रान्सिस चर्च जवळच. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला, त्याला आधी इथेच पुरलं होतं, नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या.

मट्टनचेरीला मात्र दुपार गाठली. 1568 चं सिनेगॉग, जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या, एकसारखी दुसरी सापडत नाही. अनवाणी पायांना गार लागत होत्या. बाहेर पडलो तर मसाल्यांच्या वासात पहिला गडगडाट. डच पॅलेसमध्ये रामायणाची भित्तिचित्रं बघेपर्यंत छपरावर पाऊस कोसळत होता आणि आत आमच्यासारखेच अडकलेले लोक निवांत एकेक चित्र बघत होते. संध्याकाळी कथकली. तिथे तासभर आधी गेलात तर नटांची रंगभूषा समोर बसून बघता येते. पावसात याहून बरा उद्योग नाही.

परतीच्या बांधाबांधीत ओले कपडे वेगळ्या पिशवीत, छत्र्या बाहेरच्या कप्प्यात, आणि फराळाच्या रिकाम्या डब्यात खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स. बाबांच्या बॅगेतल्या मोकळ्या जागेत एकाऐवजी तीन मुंडू बसले. "घरी नेसायला बरे," म्हणाले. एलटीटीपर्यंत न जाता ठाण्यालाच उतरायचं, तेही दोन-तीन मिनिटांत, म्हणून मुंब्र्यापासूनच आईंनी सगळ्यांना दारात उभं केलं.