हॉरर पिक्चर काढताय? आधी थेटरातला फेडर बघून या

कोकणातलं पावसातलं शूट, तारखा, सेन्सॉर, अंधश्रद्धेला प्रोत्साहन देत नाही वाली पाटी, सगळं झालं एकदाचं, त्यावर लिहिणारे बरेच आहेत. मला बोलायचंय ते थेटरातल्या आवाजाबद्दल, कारण ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

आमच्या पिक्चरमध्ये एक सीन आहे. रात्र, माजघरात सून एकटी, बाहेर रातकिडे. ते एकदम गप्प होतात आणि परसातल्या विहिरीचा रहाट एकदाच कुरकुरतो. बस्स. ना भूत ना म्युझिक. त्या एका कुरकुरीसाठी आमच्या साउंडवाल्या पोराने खऱ्या रहाटावर रात्र काढलेली, आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, तो सीन लागला की चहावालाही दारात थांबायचा.

रिलीजआधी तालुक्याच्या एका थेटरात सकाळी टेस्ट लावली तर रातकिडेच ऐकू येईनात! एसीची घरघर, वर पंखे. जे ऐकूच आलं नाही ते बंद पडलं हे कोणाला कळणार? रहाट तर गायबच. तडक वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेलो, तर फेडर, म्हणजे थेटरातला आवाज कमी-जास्त करायचा नॉब, 4.5 वर. आपण मिक्स करतो 7 ला, 85 डेसिबलला सेट केलेल्या रूममध्ये, आणि एकेक आकडा खाली आला की तीन-सव्वातीन डेसिबल जातात, म्हणजे इथे आठ तरी गेले. ऑपरेटर काका थंडपणे म्हणाले, "साहेब, सातवर ठेवलं की जाहिरातींना लोकं कान धरून बाहेर येतात, मग मॅनेजर मला झापतो." म्हणजे बोंबलणार जाहिरातवाले आणि शिक्षा आमच्या रहाटाला! मॅनेजर म्हणे मालकांना विचारा, मालक फोन उचलेनात. वर पडदाही काळाकुट्ट, कारण प्रोजेक्टरचा लॅम्प म्हातारा झालेला. पडद्यावरच्या उजेडाचं स्टँडर्ड 48 निटचं असतं (निट म्हणजे उजेडाचं माप), इथे सुनेचा चेहराच दिसेना.

शेवटी परत मिक्सला बसलो. रातकिडे वर घेतले, रहाटाची कुरकुर जरा वरच्या पट्टीत आणली कारण खालचा आवाज एसीच खातो, आणि अख्खा पिक्चर 5 ला ऐकून पास केला. पोरगा कुरकुरला की चांगल्या मल्टिप्लेक्सला कर्कश वाटेल. वाटू दे. मिरजेपासून मालवणपर्यंत सगळीकडे रहाट ऐकू आला पाहिजे. आणि पुढच्या वेळी त्या सीनला लोकं खुर्चीत आक्रसली ना, पैसे वसूल!

हां, एक राहिलं, टेस्टच्या वेळेची केडीएम, म्हणजे थेटरच्या सर्व्हरवर पिक्चर उघडायची डिजिटल चावी, आधीच मागून ठेवा. चावी दुपारी 12 पासूनची असेल तर सकाळी सात वाजता सर्व्हर पिक्चर उघडतच नाही, आणि ऐनवेळी ऑडी (थेटरातला हॉल) बदलली की त्या सर्व्हरसाठी नवी चावी लागते. नाईट सीन फक्त लॅपटॉपवर बघून कलर फायनल करू नका. आणि थेटरवाल्यांना विचारा, प्लेलिस्टमध्ये क्यू (आपोआप चालणारी सूचना) टाकून जाहिरातींना वेगळा फेडर आणि पिक्चरला वेगळा, असं बऱ्याच ठिकाणी आपोआप होतं. आमच्या काकांकडे ते नव्हतं, त्यांनी पिक्चर सुरू झाला की हाताने 6 करायचं कबूल केलं. नाईट शोला मात्र दुसरा पोरगा असतो, त्याला वेगळं सांगावं लागतं.