मिरजेला जाण्याआधी विचारून घ्या

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. गेल्या वर्षी रात्री-अपरात्री छाती धडधडायला लागली. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, सगळं करून झालं. सगळं नॉर्मल. मग फॅमिली डॉक्टर म्हणाले, "काका, आता एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा." तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हळूच चौकशी करतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी, कुणाकडं जाताय ते बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, थेरपी करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असावी लागते. खरा घोळ 'समुपदेशक' या पाटीखाली आहे. एमए करून वर्षानुवर्षं मन लावून काम करणारेही तिथं आहेत आणि चार दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलेही. मी पेढीवर जीएसटी नंबर बघितल्याशिवाय बिल चढवत नाही. इथंही शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे सरळ विचारा. जो या प्रश्नावर चिडेल त्याच्याकडं परत जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

फी फोनवरच विचारा आणि वेळ किती देणार तेही. थेरपीचं सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं, आणि एका सेशनमध्ये काही होत नाही. परवडत नसेल तर सांगलीच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका; घरातल्या कुणाला तरी सांगा आणि तडक दवाखाना गाठा.

कुणी बघेल म्हणून सांगलीतली माणसं मिरजेला जातात. मीही गेलो. वेटिंगमध्ये आमच्या विश्रामबागेतलेच एक गृहस्थ पेपरात तोंड खुपसून बसलेले! दोघांनीही ओळख दाखवली नाही. तुम्ही आत जे बोलाल ते गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टानं मागितलं, असे अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. बायकोला बरोबर न्या, पण थोडा वेळ एकट्यानं बोलायला मागा. आमची ही शेजारी बसली होती तोवर मी नुसतं "झोप लागत नाही" एवढंच घोकत होतो. डॉक्टरांनीच तिला "वहिनी, जरा बाहेर बसता का?" म्हटलं, तेव्हा कर्जाचं तोंडातून निघालं.

जाताना कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती, बीपी-शुगरच्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, तंबाखू, दारू. दारू तर खरीच सांगा, कारण गोळ्यांशी तिचा संबंध येतो. पहिल्या भेटीत प्रश्नच जास्त असतात.

गोळ्यांबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. डिप्रेशनची गोळी आणि झोपेची गोळी एक नव्हे. पहिलीचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ वगैरे त्रासच आधी जाणवतो आणि माणसं तिथंच सोडून देतात. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागायची भीती असते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच लोक जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत राहतात.

आमच्या आत्याचं म्हणणं, हे सगळं सोड, नरसोबाच्या वाडीला जा. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खुशाल जा, फक्त गोळीची वेळ चुकवू नका." आत्याला घेऊनच गेलो. घाटावर पाण्याची बाटली तिनंच काढून दिली.