प्रिंट ऑन डिमांड: माल भरायचा नाही म्हणून उतरलो आणि कपाट भरलं

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग मापायची, ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेलं हवेचं भोक, दिसला की पीस बाजूला काढायचा, हेच काम. नवीन पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, आला की आधी सॅम्पल ओतायचं, ते पास झालं तरच लॉट, हे आमच्याकडं नवीन पोराला पहिल्या दिवशीच सांगतात. आणि स्वतःचा टीशर्टचा धंदा चालू केला तेव्हा मी एकसुद्धा सॅम्पल मागवलं नाही. का, तर तीनशे रुपये वाचवायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रिंट ऑन डिमांड म्हणजे आपण फक्त डिझाइन द्यायचं, गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली की तिकडं तमिळनाडूत सप्लायर एक टीशर्ट छापतो आणि आपल्या नावानं थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. माल भरायला नको, दुकान नको. मला वाटलं लई भारी, यात बुडण्यासारखं आहेच काय.

जोतिबाची चैत्र यात्रा महिन्यावर आलेली. काळ्या टीशर्टवर सासनकाठी (यात्रेत नाचवतात ती उंच, सजवलेली काठी), खाली मोठ्या अक्षरात 'चांगभलं' आणि आजूबाजूला गुलाल उधळलेला, असं डिझाइन मोबाइलवरच बनवलं. साइटवरचा मॉकअप बघून मीच खूश, तो पोरगा, ते घड्या नसलेलं कापड, गुलाल असा उसळलेला. पण मॉकअप म्हणजे फोटोवर चिकटवलेला फोटो असतोय, छापलेला टीशर्ट नव्हं, हे कुणी सांगावं मला.

पहिला टीशर्ट मित्रानं घेतला, तो घेऊन रंकाळ्यावर आला. गुलाबी रंग विटलेला, धुऊन धुऊन फिका पडलेल्या साडीसारखा. स्क्रीनवरचा तो भडक गुलाबी रंग उजेडाचा असतो, साध्या चार शाईत तो बसतच नाही. हे एक. दुसरं त्याहून वाईट, गुलालाच्या कडा मी धूसर ठेवल्या होत्या, अर्धपारदर्शक. काळ्या कापडावर रंग दिसावा म्हणून मशीन आधी खाली पांढऱ्या शाईचा थर देतं, आणि धूसर भागातनं तो पांढरा थर वर दिसायला लागला. सासनकाठीच्या बाजूनं कुणीतरी चुना सांडल्यासारखं. मित्र म्हणाला, "भावा, गुलाल म्हणून दिलास, ह्यो कोंडा हाय." आता मी तसला धूसरपणा ठेवतच नाही, कडा कापलेल्या घ्यायच्या किंवा बारीक ठिपक्यांत फोडायचं, आणि रंग एक घर उतरलेलाच धरून चालायचं.

शिवाय फाइल इन्स्टाच्या पोस्टची होती, १०८० पिक्सेलची. बारा इंच रुंद छापायचं तर ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर, ३६०० पिक्सेल लागतात. माझं ९० वर आलं, काठीच्या कडेला पायऱ्या दिसत होत्या.

पण खरा नाद खुळा प्रकार दुसऱ्या डिझाइनला झाला. 'विषय हार्ड' एवढंच, पांढरी अक्षरं. म्हटलं यात चित्रच नाही तर चुकणार काय, म्हणून सप्लायरच्या साइटवर टाइप करायची सोय होती तिथंच मराठीत टाइप केलं. स्क्रीनवर एकदम बरोबर. गिऱ्हाइकाला मिळालं तेव्हा त्यावर होतं 'वषिय' आणि पुढं हार्डमधला रफार जाऊन पाय मोडलेला र. सांगलीच्या त्या माणसानं फोटो पाठवून फक्त एवढंच विचारलं, "साहेब हे कन्नड आहे काय?" मला हसू पण आलं आणि घामही फुटला. नंतर कळलं की आपल्याला दिसतं ते ब्राउझर दाखवतो, त्याला मराठी जुळवता येतं, पण छापायची फाइल मागं दुसरंच सॉफ्टवेअर बनवतं आणि त्याला वेलांटी कुठं टाकायची ते माहीत नसतं, टाइप झालेल्या क्रमानं ते अक्षर ठेवून मोकळं होतं. तेव्हापासून मराठी मजकूर मी कधीच मजकूर म्हणून पाठवत नाही. आपल्याकडं जुळवून, चित्र करून, पारदर्शक पीएनजीच, म्हणजे मागची जागा मोकळी असलेली चित्राची फाइल, द्यायची. जुनं फोटोशॉप वापरत असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट चालू करा, नाहीतर तिथंपण हाच तमाशा. आणि फॉन्ट कुठनं तरी उचललेला नको, मी 'मुक्ता' वापरतो, तो धंद्यालापण फुकट चालतो.

आणि दुसऱ्याचा मजकूरपण उचलायचा नाही. एकदा एका पिक्चरचा डायलॉग टाकला होता, त्याचा हक्क आपल्याकडं नाही म्हणून साइटवाल्यांनी तो टीशर्ट विक्रीतनंच उडवला. बरंच झालं.

आता पैशाचं. टीशर्ट ३९९ ला लावला. छपाईसकट २४० सप्लायरचे, ६५ कुरिअर. राहिले ९४, मी खूश. पण आपल्याकडं बहुतेक लोक पैसे माल हातात आल्यावर देणार, त्या कॅश ऑन डिलिव्हरीचे ३५ वेगळे. राहिले ५९. यात इन्स्टाच्या जाहिरातीचा रुपया धरलेला नाही. आणि माल परत आला तर २४०, जायचे ६५, यायचे ६५, म्हणजे ३७० खिशातनं. सहा गिऱ्हाइकांची कमाई एका परतीत जाते.

आणि परती आल्या. कारण मी यात्रेच्या आठ दिवस आधीपर्यंत ऑर्डरी घेत बसलो. ऑर्डर आल्यावर छापायला तीन-चार दिवस, मग प्रवास, मध्ये रविवार. यात्रा झाल्यावर चांगभलंचा टीशर्ट दारात आला तर माणूस कशाला घेईल, कुरिअरवाल्याला नको म्हणायला त्याचं काय जातंय. ३८ पैकी २९ ऑर्डरी कॅशवर होत्या, १२ परत आल्या. सप्लायर परत घेत नाही, तो तरी काय करणार, दुसऱ्या कुणाला जातंय ते. सगळे माझ्या पत्त्यावर. आई म्हणाली, "अरे तू तर म्हणालास माल घरात ठेवायला लागत नाही, मग माझं कपाट कशानं भरलं?" पप्पा अजून त्यातलाच एक डबल एक्सेल घालून सकाळी फिरायला जातात.

आता सणाची ऑर्डर तीन आठवडे आधी बंद. कॅशवाल्याला आधी फोन करतो, आगाऊ भरलं तर तीस रुपये कमी. फोन न उचलणाऱ्याचा टीशर्ट छापायलाच देत नाही.

एक भानगड निपाणीची. निपाणी आपल्याला तासाभरावर, निम्मे पाहुणे तिकडचे, पण राज्य दुसरं, कर्नाटक. तिथली ऑर्डर घेतली आणि सहज सीएला बोललो तर तो दचकलाच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर ४० लाखाच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात पहिला टीशर्ट पाठवायलाच नंबर हवा. मग काढला.

मागच्या महिन्यात आमच्या पेठेतल्या तालमीची (आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) फुटबॉल सीझनसाठी ६० टीशर्टची ऑर्डर आली, दोन रंग, एकच डिझाइन. मी सवयीनं सप्लायरचाच दर बघत होतो. लक्ष्मीपुरीतला स्क्रीन प्रिंटिंगवाला म्हणाला, "एक-एक पीस असेल तर तिकडं जा, साठ असतील तर कशाला? दोन रंगांच्या दोन स्क्रीन बनवल्या की झालं." पीसमागं टीशर्टसकट १७० ला बसला. त्यानं पहिला छापून वाळवला आणि माझ्यासमोर धरला, "बघा, पास काय?"

मी आधी वेलांट्या बघितल्या, मग कडा, मग बाकीच्या ५९ ला हो म्हटलं.