पडणाऱ्या मुलांची फी

कराडमध्ये ज्युदोचा क्लास काढते म्हटल्यावर घरच्यांनी विचारलं, "कुस्तीच्या गावात हे कोण शिकणार?" प्रश्न रास्त होता. १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणणाऱ्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. पहिल्या महिन्यात आलेली निम्मी पोरं तालमीतलीच होती. 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हटलं की थेट पट काढायची. ज्युदोत पाय धरण्यावर २०१० पासून बंधनं आली आणि २०१३ ला ते पूर्णच बंद झालं, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. बाकीच्यांच्या पालकांना हे कराटेच वाटायचं. "मॅडम, कौलं कधी फोडायला शिकवणार?"

जागा मिळाली एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलची. मीटर बाय मीटरच्या, ४० मिलिमीटर जाडीच्या ३६ मॅट पतसंस्थेचं कर्ज काढून घेतल्या. कराटेवाल्यांचं पातळ मॅटवर भागतं, आम्ही माणूस खांद्यावरून आपटतो. लग्नाची तिथी आली की सगळ्या मॅट उचलून जिन्याखाली, दुसऱ्या दिवशी परत जोडायच्या. एकदा खाचांमध्ये अक्षता अडकलेल्या आणि त्यांच्या मागोमाग जिलेबीच्या पाकाला लागलेल्या मुंग्या. पावसाळ्यात गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, वाळत नाही. एकाच्या मानेवर गजकर्णाचा चट्टा दिसला की आठवड्यात चौघांच्या मानेवर. तेव्हापासून दारातच नखं आणि मान तपासते, मॅट रोज जंतुनाशकाने पुसते. हे कोचिंगच्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळी बॅचला ४५ मुलं, जून संपेपर्यंत १९. याचा दोष मी शाळेला, ट्यूशनला, दहावीला देत आले.

खरं तर माझं लक्ष पाचच मुलांवर होतं. शालेय स्पर्धेत जिल्ह्याच्या पुढे जातील अशी ती पाच. त्यांची पकड, त्यांचं वजन, त्यांचा डाव. आता डाव बसवायचा तर समोर पडणारं कुणीतरी हवं. ती जागा उरलेल्यांची. संध्याकाळभर ती उभी राहायची आणि पडायची.

त्यातली सातवीतली एक मुलगी आठवडाभर आली नाही. मंडईत तिची आई भेटली.

"मॅडम, राग मानू नका. पण महिन्याला पाचशे रुपये देऊन पोरीला नुसतं पडायला पाठवायचं का?"

मी नेहमीचं सांगितलं, पडायला शिकणं हाच ज्युदोचा पाया. हनुवटी छातीला लावायची, तळहात मॅटवर आपटायचा, म्हणजे डोक्याला मार बसत नाही.

"ते खरं हो. पण तिनं आजवर कुणाला पाडलंय का?"

मेथीची जुडी हातात घेऊन मी नुसतीच उभी.

रात्री फीची वही काढली. पाचातल्या दोघांची फी मीच माफ केलेली. हॉलचं भाडं निघत होतं ते पडणाऱ्यांच्या पैशातून. आणि शाळा सुरू झाल्यावरही टिकून नंतर सोडून गेलेल्या अकरापैकी नऊ जण त्याच पडणाऱ्या रांगेतले. हॉलच्या भिंतीवर जिगोरो कानोंचा फोटो आहे, १८८२ साली टोकियोत कोडोकान ही ज्युदोची पहिली शाळा काढणाऱ्यांचा. खाली मीच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: जिता क्योएई, म्हणजे आपलं आणि समोरच्याचं, दोघांचं भलं. रोज त्यालाच वाकून सराव सुरू व्हायचा.

दुसऱ्या दिवशीपासून नियम केला. जितक्या वेळा पाडाल तितक्या वेळा पडायचं, आणि आकडा मोठ्याने मोजायचा. पाचातल्या एकाचे वडील आले. "असं केल्यावर मेडल कसं येणार?" त्यांना द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ते मुलाला दुसऱ्या क्लासला घेऊन गेले. त्या वर्षी जिल्ह्यात एकच पदक आलं आणि ते मला बरेच दिवस लागलं. भाडं मात्र दर महिन्याला वेळेवर गेलं.

ती मुलगी दिवाळीनंतर आली. मीच घरी जाऊन आले होते. महिन्याभराने तिने माझ्या सगळ्यात पक्क्या मुलाला ओ-गोशीने कंबरेवर घेतलं आणि तो धाडकन पडला, तोही हात पुढे टेकून, मनगट मुरगाळून घेत. दोन वर्षं माझ्याकडे होता, तालुक्याचा पहिला, आणि त्याला धड पडता येत नव्हतं. चूक माझीच. नियम करण्याआधी त्याच्यावर पडायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

मनगट बरं झाल्यावर त्याला सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं केलं, उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, पहिल्यापासून. कान लाल करून तो मॅटवर हात आपटत होता. आकडा ती मोजत होती, आणि हात चुकीचा टेकला की तो मोजत नव्हती.