सलाफहादाच्या पाच मुली

वर्षअखेरच्या भक्तीनंतर पाळकसाहेबांनी दारातच वाचनाचा तक्ता हातात ठेवला. पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, ११८९ अध्याय; रोज तीन, रविवारी पाच वाचले की वर्षात पुरे. मी शब्बाथशाळेपासून चर्चमध्ये वाढलेली, पण सलग कधी वाचलंच नव्हतं. स्तोत्रं, शुभवर्तमानं, कुणाच्या लग्नात १ करिंथ १३, तो प्रेमावरचा अध्याय, की झालं. पंडिता रमाबाईंनी केडगावला अख्ख्या शास्त्राचं भाषांतर केलं, आपल्याला तर नुसतं वाचायचंय, असं म्हणून तक्ता घेतला.

पहिलं पुस्तक, उत्पत्ती, भराभर गेलं. दुसऱ्या, निर्गमाच्या शेवटी निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या तंबूचे, पडदे नि कड्या मोजताना जांभया यायला लागल्या आणि तिसऱ्या, लेवीयमध्ये गाडी रुतलीच. तेराव्या अध्यायात कातडीवरचे चट्टे नि पांढरे झालेले केस. फेब्रुवारीभर तक्त्यावर एक खूण नाही.

मार्चमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "तू वाच, मी ऐकते," म्हणाली. मोठ्यानं वाचायला लागले आणि लेवीय आठवड्यात पार! आई मध्येच थांबवून भांडायची. देवाशी नाही हं, देवाचे नियम लोकांना सांगणाऱ्या मोशेशी.

मग पुढच्या पुस्तकातलं, गणना २७ आलं. सलाफहाद वारलेला, मुलगा नाही. त्याच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे देवाला विचारतो, आणि देव मुलींच्या बाजूनं निकाल देतो. आईनं तो भाग परत वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा.

आईनं मामांना हक्कसोडपत्र करून दिलेलं आहे. १९२५च्या उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी माहेर तुटू नये म्हणून तिनं सही केलीच असती, असं मला वाटतं. तिला विचारलं मात्र नाही.

गणनाच्या शेवटच्या, ३६व्या अध्यायात अट येते: लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे जमीन बाहेर जायला नको. "दिलं, पण दावं बांधून दिलं," आई म्हणाली. पुढे यहोशवाच्या पुस्तकात, १७व्या अध्यायात त्याच मुली पुन्हा दारात उभ्या. तेव्हा कुठे जमीन मिळाली.

"म्हणजे दोनदा मागावं लागलं."

आईला नवा चष्मा आला, तरी वाचन माझ्याकडेच राहिलं. १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं. "हे सोडूया का?" विचारलं, तर डोळे वटारले. सातव्या अध्यायात, मनश्शेच्या वंशावळीत, सलाफहादाला मुली होत्या एवढंच आलं. नावं नाहीत. मी पुढे निघाले होते.

"थांब," आई म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. "महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. हं, आता वाच."