.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर स्कोप बसवताना : माझा अनुभव

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन ६२९, नळी साडेसहा इंची, काम हरणाच्या शिकारीचं. कोणता स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घ्यावा हे सगळे आधी विचारतात. मी सुरुवात बेसपासून केली, म्हणजे ज्या पट्टीवर स्कोप बसतो तिच्यापासून. या काडतुसाचा धक्का असा असतो की बेस डळमळीत असेल तर वर कितीही भारी काच लावा, चार-पाच बारांत नेम हलतोच.

६२९ च्या रीअर साइटच्या (मागच्या नेमदर्शकाच्या) पट्टीखाली फ्रेमला कारखान्यातूनच भोकं पाडून आटे दिलेले असतात. पट्टी काढली की तिथेच बेस बसतो, नळीला हात लावावा लागत नाही. रुगर सुपर रेडहॉकची तऱ्हा वेगळी. तिच्या फ्रेमलाच खाचा कोरलेल्या असल्यामुळे स्कोपला धरणाऱ्या रिंग थेट त्यात बसतात, बेस लागतच नाही. नवीन हत्यार घेणाऱ्याने हा फरक आधी बघावा, कारण बेस नाही तर सैल होणारे तीन स्क्रूही नाहीत.

मग काच. रायफलचा स्कोप इथे चालत नाही. त्यात डोळा जेमतेम ८-१० सेंटीमीटरवर ठेवावा लागतो, म्हणजे हँडगनच्या धक्क्याने तो सरळ कपाळात बसेल. हँडगनचा स्कोप हात लांब करून बघण्यासाठीच बनवतात, साधारण ३० ते ६० सेंटीमीटर अंतरासाठी. मोठी झूमही मी टाळली. मॅग्निफिकेशन वाढलं की हाताचं थरथरणंही तेवढंच मोठं दिसतं, आणि डोळा केसभर सरकला तरी चित्र काळं पडतं. ७ एक्सवर झुडपातलं हरीण शोधेपर्यंत ते निघून जातं. २ एक्स मला ७५ मीटरपर्यंत पुरतो. वजनाचंही तेच. १७० ग्रॅमचा स्कोप बेसला जेवढा ओढतो त्याच्या दुप्पट ३४० ग्रॅमचा ओढतो, आणि तेही प्रत्येक बाराला.

रेड डॉटचा (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा) विचार मनापासून केला होता. हलका, झटपट, डोळ्याच्या अंतराची कटकट नाही. दाट जंगलात ४० मीटरच्या आत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ४ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ठिपका ५० मीटरवर जवळपास ६ सेंटीमीटर झाकतो, १०० मीटरवर १२. शिवाय दृष्टिवैषम्य असेल तर तो गोल न दिसता फुटलेल्या ताऱ्यासारखा पसरतो. विकत घेण्याआधी ज्याच्याकडे असेल त्याचा एकदा डोळ्याला लावून पाहावा.

बसवायच्या दिवशी सिलिंडर उघडून सहाही घरं बोटाने तपासली आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. भोकं आणि स्क्रू ॲसिटोनने पुसले. कारखान्याचं तेल राहिलं तर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) धरतच नाही. मग एक तपासणी, जी बरेच जण गाळतात. प्रत्येक स्क्रू एकटाच लावून बघायचा आणि बेस हलवायचा. स्क्रू घट्ट झालाय आणि बेस हलतोय, तर स्क्रू लांब आहे, तळाला टेकलाय. हाताला तो आवळल्यासारखाच वाटतो, पण बेसला धरत नाही. अशा स्क्रूचं टोक कानशीने अर्धा-एक मिलिमीटर उतरवलं की काम होतं.

थ्रेडलॉकर निळा, प्रत्येक स्क्रूला एकच थेंब. लाल वापरला तर पुढे काढताना गरम करावं लागतं. आवळायला टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) हवाच. बेस बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळायचा. छोट्या ६-४८ मापाच्या स्क्रूंना तो बहुधा १५ ते २० इंच-पाउंडांत असतो. मनगटाच्या अंदाजावर गेलं की आटे मरतात.

रिंग बसवतानाची खरी मेख पुढे आहे. बार होतो तेव्हा हत्यार मागे येतं, स्कोप मात्र जागीच राहू बघतो. म्हणजे हत्याराच्या मानाने स्कोप पुढे सरकतो. म्हणून रिंगचा आडवा बोल्ट बेसच्या खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून, तसाच पुढे दाबून धरत आवळायचा. मध्ये फट ठेवली तर पहिल्या बाराला रिंग ती फट भरून काढते आणि झिरो (नेम आणि गोळीची जुळवलेली जागा) जातो. खाच आणि बोल्टही एकाच मापाचे हवेत : बेसचे दोन नमुने असतात, वीव्हरची खाच ०.१८० इंच, पिकाटिनीची ०.२०६. वीव्हरचा बोल्ट पिकाटिनीत बसतो पण खेळतो. उलटं बसतच नाही.

रिंगच्या वरच्या टोप्या सैल ठेवून डोळे मिटायचे, नेहमीसारखा नेम धरायचा, डोळे उघडायचे. चित्र काठोकाठ दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे. हे बसूनही आणि काठ्यांच्या टेकूवरही करून पाहिलं, कारण बसल्यावर कोपर वाकतात आणि अंतर बदलतं. स्कोपचं मागचं टोक हॅमरच्या (घोड्याच्या) आड येत नाही ना, हेही आत्ताच बघायचं. अंगठा अडत असेल तर हॅमरला बाजूचा जोड मिळतो. क्रॉसहेअर सरळ करायला गवंड्याचा ओळंबा भिंतीवर टांगला. रिव्हॉल्व्हरला पाणलेवल ठेवण्याजोगी सपाट जागा कमीच. ओळंब्याच्या दोरीशी उभी रेघ जुळवणं सोपं. टोप्यांचे स्क्रू आलटून-पालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आवळले आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

रिव्हॉल्व्हरच्या नळीतून मागून आरपार बघता येत नाही, म्हणून झिरोला १० मीटरपासून सुरुवात केली, मग २५. उशीवर मूठ आणि फ्रेमचा खालचा भाग टेकवायचा, नळी नाही. नळी टेकवली तर गोळी वेगळीकडे जाते. सिलिंडर आणि नळीच्या फटीशी ना उशी, ना बोट. तिथून निघणारा वायू दोन्ही कापतो. स्कोपच्या खुंटीची पाव एमओएची एक क्लिक २५ मीटरवर १.८ मिलिमीटर हलवते. माझा ग्रुप (गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) ९ सेंटीमीटर खाली होता, म्हणजे ५० क्लिक वर. शेवटचा झिरो ५० मीटरवर केला आणि ७५ मीटरवर गोळी किती खाली पडते ते कागदावर पाहून घेतलं. त्यापुढे मी मारत नाही.

वीस बारांनंतर पांढऱ्या रेघा पाहिल्या. पुढच्या रिंगच्या आडव्या बोल्टची रेघ किंचित तुटली होती. रिंग पुन्हा पुढे दाबून बोल्ट आवळला आणि ५० मीटरवर पाच गोळ्या परत मारल्या. ग्रुप जागेवर होता. काढलेली रीअर साइट तिच्या स्क्रूंसकट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवली आहे.