पुरात भिजलेली पुस्तकं वाळवताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर एका घरगुती संग्रहातली भिजलेली पुस्तकं आणि मोडी कागदांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) वाळवायचं काम माझ्याकडे आलं. ओल्या कागदावर ४८ ते ७२ तासांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात सगळं वाळवणं एकट्याच्या हातचं नव्हतं, म्हणून आधी निवडानिवड केली.

सगळ्यात घाई गुळगुळीत आर्ट पेपरच्या स्मरणिकांची. त्या कागदावरचा लेप ओला असताना चिकट होतो आणि पानं एकमेकांना लागून सुकली की वीट होते; मग सोडवायला गेलं तर छपाईच सोलून निघते. त्यामुळे त्या ओल्याच ठेवून थेट फ्रीझरमध्ये गेल्या.

बाकीच्या छापील पुस्तकांचा गाळ धुतला. पुस्तक मिटलेलं, दोन्ही हातांनी घट्ट दाबून स्वच्छ पाण्याच्या बादलीत धरायचं आणि कडांवरचा चिखल स्पंजने टिपायचा. घासलं तर गाळ पानांत आत जातो. हाताने लिहिलेलं काहीही धुतलं नाही. मोडी कागदांवरची काजळीची शाई पाण्यात सहसा विरघळत नाही, पण ओली असताना बोट लागलं तर पुसली जाते. फाउंटन पेनची निळी आणि शिक्क्याची जांभळी शाई मात्र पाण्यात पसरतेच.

जे त्या दिवशी हाताळता येणार नव्हतं, ते एकेक मेणकागदात गुंडाळून, पाठ, म्हणजे बांधणीची बाजू, खाली करून, क्रेटमध्ये एकाच थरात उणे २० अंशांना गोठवलं. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, पण बुरशी थांबते आणि आपल्याला उसंत मिळते. रोज झेपतील तेवढीच बाहेर काढली.

खिडक्या उघडून काही उपयोग नव्हता, कारण जुलैत बाहेरची हवाच ओली. खोली बंद केली, एसी आणि डिह्युमिडिफायर लावला, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवली. पंख्यांची तोंडं भिंतीकडे, कारण थेट वाऱ्याने पानं फडफडून फाटतात. ऊन आणि हेअर ड्रायर यांना माझ्याकडे सक्त मनाई आहे. वरचा थर झटकन सुकून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि पुठ्ठा कायमचा वाकतो.

दर २०-२५ पानांमागे एक टीपकागद घातला. सगळे मिळून पुस्तकाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नकोत, नाहीतर बांधणीवर ताण येऊन पाठ उसवते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी ते बदलले. निथळणं थांबल्यावर पुस्तकं किंचित उघडून उभी केली, आणि अगदी थोडी ओल उरली की दोन फळ्यांमध्ये वजनाखाली आडवी ठेवली.

इथेच एक चूक झाली. एक जाड कोश कडांना कोरडा लागला म्हणून लवकर दाबात घातला. पाचव्या दिवशी उघडला तर शिवणीलगत करड्या बुरशीची रेघ. ओल सगळ्यात शेवटी सुटते ती शिवणीपाशी. तेव्हापासून मधलं पान उघडून शिवणीजवळ गाल लावतो. गार लागलं तर अजून ओल आहे.

ती बुरशी ओली असताना पुसली नाही, कारण ओली बुरशी कागदात माखते. कोश पूर्ण वाळवून, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने घराबाहेर झटकली. डाग राहिला, अक्षरं वाचता येतात.

वाळलेली पुस्तकं कपाटात सैल लावली आणि दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला शिवणी तपासल्या.